शीळ घालायची नाही

पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं :
इथे शीळ घालायची नाही.

मी कशाला घालते!
मिरजेत मुलींची शीळ कुणाला खपायची,
ते शिक्षण तिकडेच पुरं झालं होतं.
पण विल्फ स्टॅनर्डने वर बोट दाखवलं.
वर काळोख, काळोखात दोरच दोर,
जहाज उभं करून त्याच्या पोटात शिरावं तसं.

मार्स्केल बंदरातलं हे अल्बियन थिएटर.
हेरिंगचा हंगाम संपला की
रिकामे कोळी इथे दोर ओढायला यायचे,
रात्रीच्या चार नाण्यांवर आणि एका मग बिअरवर.
खूण शिळेची. एक शीळ : जंगल वर.
दोन शिळा : राजवाडा खाली.
उगाच कुणी घातली तर
राजवाडा टाळक्यात.

मखमली पडदा उसवला तर बायका शिवायच्या,
जाळी विणायच्या त्याच सुयांनी.
म्हणतात, शिवणीत अजून खवले निघतात.
मला एक मिळाला होता.
पाकिटात ठेवला, मग पाकीटच हरवलं.

मी प्रॉम्प्टर. सतरा वर्षं.
डाव्या विंगेत स्टूल, मांडीवर वही, बॅटरीला निळा कागद.
माझे उच्चार त्यांना वेगळे वाटायचे,
पण अडलेल्या नटाला
काठाशी लागायला अर्धाच शब्द पुरतो.
माझं काम चोख झालं
तर मी तिथे आहे हे कुणाला कळत नाही.
या गावात तशी मला सवय होतीच.

त्रेपन्नच्या पुरात अर्धं गाव बाल्कनीत झोपलं.
वाद्यवृंदाच्या खड्ड्यात कंबरभर पाणी,
आणि मेकअपच्या खोलीत एक बाई बाळंत झाली.
ते बाळ म्हणजे ग्लेनिस.
दारात तिकिटं फाडते,
ओळखीच्या माणसालाही फुकट सोडत नाही.

पण विल्फ सांगतो ती रात्र त्याच्याही आधीची.
नाताळनंतरचा खेळ, पोरांनी भरलेलं घर,
दोन माणसांचा घोडा नाचत होता.
मॅनेजर मधेच आत आला. हातात कागद.
बोट परतणार नव्हती. त्याने नावं वाचली.
घोड्याचं पुढचं अर्धं उभं राहिलं,
डोकं काढून काखेत धरलं.
मागचं अर्धं तसंच वाकलेलं राहिलं.
त्याला आत काही ऐकूच आलं नव्हतं.
चौथं नाव विल्फच्या बापाचं.
विल्फ सात वर्षांचा, तिसऱ्या रांगेत,
हातात संत्रं.
ते सोललेलं होतं की नाही,
हे मात्र तो दर वेळी वेगळं सांगतो.

गेल्या मार्चमध्ये काउन्सिलची सभा इथेच भरली.
थिएटर पाडायचं, गाड्यांना जागा करायची.
बोलायला माझं नाव कुणी घातलं कोण जाणे.
सतरा वर्षांत पहिल्यांदा
मी विंगेतून मधोमध आले.
प्रकाश डोळ्यांत. समोर नुसती डोकी.
"हे थिएटर..." म्हटलं,
आणि पुढचं गेलं.
डावीकडे पाहिलं.
स्टूल रिकामं.

किती वेळ गेला, ठाऊक नाही.
कुणीतरी खोकलं.
मग वरून, काळोखातून,
शीळ.
आणि आणखी एक.

डॉक्टरांनी बंदी घातलेल्या चार शिड्या
ब्याऐंशीचा विल्फ चढून गेला होता.
शीळ त्याचीच, दोरही त्याच्याच हातात.
माझ्या पाठीशी राजवाडा उतरू लागला,
रंग उडालेला, एका कमानीला ठिगळ,
करकरत, तिरका,
आणि जमिनीपासून वीतभर वर अडकून राहिला.

लोक हसले. मीही.
मग मी काय बोलले, ते ग्लेनिसला विचारा.

निकाल तीन आठवड्यांनी.
त्या रात्री ओट्यापाशी उभी राहून
चहा उकळेपर्यंत
मी ओठांचा चंबू केला, फुंकलं.
हवा आली नुसती.
पुन्हा फुंकलं.